तारोडीचा विजया महोत्सव

मीरा रोडहून तारोडीला जायला दोन वाहनं लागतात. भाईंदरपर्यंत शेअर रिक्षा, आणि तिथून पुढे उत्तनकडची बस. रेवा, निखिल, तुम्ही शाळेला जाताना कदाचित याहून जास्त अंतर कापत असाल. तरीही हा प्रवास मी नीट, वारांप्रमाणे लिहून काढतेय, कारण त्याच्यामुळे तुमच्याकडे येण्याचा माझा मोठा प्रवास अडकला. का अडकला ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुमचे बाबा फोनवर "आईनं पोलिसांचं काहीतरी लफडं करून ठेवलंय" एवढंच सांगतील.

एप्रिलच्या शेवटी तुमच्या घरी बाळ येणार आणि बारशाला मी यायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. मंगळवारी सकाळी वकिलातीत व्हिसाची मुलाखत होती. फॉर्म भरून, फोटो चिकटवून सगळे कागद मी क्रमाने निळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवले होते. त्याआधीचे शनिवार-रविवार मोकळे होते, म्हणून सुमनताईकडे जाऊन यायचं ठरवलं.

सुमनताई म्हणजे माझी आतेबहीण, तुमच्या बाबांची सुमनमावशी. ती वैद्य. एका धर्मादाय दवाखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाली आणि तारोडीला लहानसं घर घेऊन राहायला गेली. गेल्या वर्षी तिच्याकडून छापील कार्ड आलं होतं, "विजया महोत्सव, दर वर्षीप्रमाणे महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी." विजया हे माझ्या आत्याचं, म्हणजे सुमनताईच्या आईचं नाव. आत्या गेली तीही शिवरात्रीच्या आसपासच. मुलगी आईच्या नावाने दर वर्षी काहीतरी करते आणि आपण साधं जातही नाही, याची मला लाज वाटली होती.

यंदा जानेवारीत तिचाच फोन आला. "नलू, या वेळी माईक लावायचाय. पोलिसांची परवानगी लागते म्हणे. माझे गुडघे सुजलेत. अर्ज तू लिही, सही तूच कर आणि देऊन ये. माझं अंगण, सकाळी दहा ते एक, पन्नास-साठ माणसं. नाव विजया महोत्सव."

मी अर्ज लिहिला. त्यात "कार्यक्रमाचे स्वरूप" असा एक रकाना होता. त्याबद्दल ती काही बोलली नव्हती आणि मीही विचारलं नाही. मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं, "कै. विजयाबाई यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ कौटुंबिक व भक्तिपर कार्यक्रम." पोलीस ठाण्यात शिक्का मारून घेतला आणि झेरॉक्स फायलीत लावली.

शनिवार

भाईंदरच्या रिक्षात मी तिसरी. रिक्षावाला चौथ्याची वाट बघत होता. "आंटी, बस एक सवारी आने दो," असं त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मीच रस्त्यावरच्या एका गृहस्थांना "येताय का हो?" असं विचारलं. माझ्या मांडीवर आत्याचा काचेच्या चौकटीतला फोटो होता, टॉवेलात गुंडाळलेला. चंदनाचा हार पिशवीत होता.

भाईंदर पश्चिमेहून बस सुटली आणि दहा मिनिटांत इमारती संपल्या. मीरा रोडला आमच्या खिडकीतून समोरच्या घरातला टीव्ही दिसतो, इथे थेट आभाळाच्या कडेपर्यंत मिठागरं दिसत होती. पाण्याचे चौकोन, मधले बांध आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग. फेब्रुवारीचं ऊन त्यावरून इतकं उलटून येत होतं की मला डोळे बारीक करावे लागले. मग मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं येत गेली, बैठ्या घरांची, दारात तुळस नाहीतर क्रूस असलेली. बाजार आटपून परतणाऱ्या कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसमध्ये चढल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "मावशी, पाय वर घे, मासलीचा पानी हाय." मी पाय वर घेतले. चप्पल वाचली, पातळाची कड वाचली नाही.

तारोडीला उतरले तेव्हा वारा सुक्या मासळीच्या वासाने भरलेला होता. सुमनताईच्या घरामागे बांबू उभे करून दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते. आपण गच्चीत साड्या घालतो तसे, ओळीने. ते बोंबील हिराबाईचे. हिराबाई मूळची पालीची, आता सुमनताईच्या शेजारी राहते. ताईचं घर झाडते, तिला मासे आणून देते आणि मनात येईल ते तिला सुनावते. मला बघताच ती ओरडली, "डाक्टरीन बाय, तुजी भईन आयली! गोरी हाय गो, तुज्यासारकी काली न्हाय."

जेवायला तांदळाची भाकरी आणि चिंचेच्या आंबटात शिजवलेले ओले बोंबील होते. आपल्या घरी बोंबील दाबून, रवा लावून, कुरकुरीत तळतात. इथे ते पातळ रश्शात इतके मऊ होतात की काटा कुठे आहे ते जिभेलाच शोधावं लागतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुऊन आले, टॉवेल सोडला आणि फोटो पुढे केला.

"हा कशाला आणलास?" सुमनताईने विचारलं.

"उद्या स्टेजवर ठेवायला. हारही आणलाय."

तिने चौकट हातात घेतली, पदराने काच पुसली. "आईला भांगेच्या सभेत बसवायचं? लाटणं घेऊन उठेल ती माझ्यावर."

"कसल्या सभेत?"

"भांगेच्या, नलू. विजया म्हणजे भांग. आयुर्वेदात तेच नाव आहे तिचं. कार्डावर काय वाटलं तुला?" माझ्या तोंडाकडे बघता बघता तिला उमगलं. "अगं देवा. आई वाटली? शाळेत संस्कृत घेतलं असतंस तर! पण मामांना मुलीला फ्रेंच शिकवायचं होतं."

हिराबाई भांडी तशीच टाकून भिंतीला टेकून हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "या सभेत भांग पितात?"

"एक पान नसतं. तोच माझा पहिला नियम आहे. आम्ही मागणी करतो, पीत नाही." मग तिने मला समजावलं. आपल्या राज्यात भांगेचं साधं पानसुद्धा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि गांजावर तर देशभर कडक कायदा आहे. तिच्या पोथ्यांत झोपेसाठी, पोटासाठी, दुखण्यासाठी विजयेची औषधं दिलेली आहेत, पण परवाना मागायला गेलं की वैद्यालाच चोर समजतात. "औषध पुस्तकात आहे, कपाटात नाही," ती म्हणाली. म्हणून दर वर्षी कुठून कुठून वैद्य येतात, भाषणं होतात, कायदा बदला असं निवेदन सरकारला जातं. उत्तर अजून एकदाही आलेलं नाही.

मला तिचं पटलं की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, मंगळवार आणि तो रकाना. व्हिसाच्या फॉर्मवर पोलिसांबद्दल आणि नशेच्या पदार्थांबद्दल प्रश्न असतात. मी त्यांवर "नाही"च्या चौकोनात फुल्या मारून ठेवल्या होत्या. आणि तिकडे पोलीस ठाण्यात माझ्या सहीने पडलेला कागद म्हणत होता की उद्या इथे भजन आहे.

"अर्जात काय लिहिलंस?" सुमनताईने सहज विचारलं.

"नाव, पत्ता, वेळ," मी म्हणाले.

"बस?"

"बस."

झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. हे मी तुम्हाला लिहितेय, कारण पुढचं सगळं त्या "बस"मधून निघालं.

"मी संध्याकाळच्या बसने परत जाऊ का?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"जा की. तुला मंगळवार आहे, मला कळतं. मी रागावणार नाही."

ती खरंच रागावली नसती. पण मी गेले असते तरी माझी सही जाणार नव्हती, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर तिला काहीच माहीत नसताना तिला एकटीला उभं राहावं लागलं असतं. मी राहिले. संध्याकाळी तिच्याबरोबर समुद्रावर गेले. होड्या वाळूवर कलंडून पडल्या होत्या, पोरं त्यांच्या सावलीत गोट्या खेळत होती. तेव्हा सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा तिने मला वाळत घातलेला जवळा दाखवला आणि मी जवळ्याबद्दल बोलले.

रविवार, सकाळ

सकाळी नऊपासून माणसं यायला लागली. वैद्य बहुतेक उतारवयातले, धोतर किंवा सफारी घातलेले, कापडी पिशवीत निवेदनाच्या प्रती आणलेले. मला तरी ते पेन्शनरांच्या मेळाव्यासारखेच वाटले. एक ग्रंथपाल होते. एक गृहस्थ परवान्यांच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. ते सारखे म्हणत होते, "मी आयुष्यभर अर्ज नामंजूर केले, आता मंजूर करा म्हणायला आलोय." अंधेरीहून तीन तरुण मोटरसायकलवर आले. त्यांच्या टी-शर्टवर छातीभर हिरवं पान छापलेलं होतं.

सुमनताई काठी टेकत फाटकापर्यंत गेली. "टी-शर्ट उलटे घाला."

"आँटी, इट्स जस्ट अ लीफ," एकजण म्हणाला.

"माझ्या अंगणात पान नाही म्हणजे छापलेलंसुद्धा नाही. न्हाणीघर तिकडे."

ते तिघे शिवण बाहेर आलेले टी-शर्ट घालून मागच्या सतरंजीवर बसले. हिराबाईने त्यांना ठंडाई दिली. एकाने पेला नाकाशी नेऊन मित्राला काहीतरी खुणावलं. हिराबाई म्हणाली, "वास कनाचा घेतंस? बदाम हाय, न्हायतर ठेव पेला."

या सभेची एक पद्धत मला फार आवडली. पहिलं भाषण विरोधकाचं असतं. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोधकाला सगळ्यांत शेवटी, चहा वाटताना बोलू देतात. इथे दर वर्षी पहिली बोलते हिराबाई. दर वर्षी सुमनताई स्वतः तिच्या हातात माईक देते.

हिराबाईने पदर खोचला. "माजा दीर दर्यावर जायाचा. गांजा वडाया लागला आनि एक दिस व्हडीवरून गेला. पानी शांत व्हता. त्याला पोहाया येत व्हता. तुमी समदी शिकलेली मानसां हाव. कायदा बदला. पन त्याची बायको अजून माज्या घरात भाकऱ्या थापते, तिला काय सांगू?" कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुमनताईने मान खाली घातली होती. ती पुढे हळूच म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही, हिरा. म्हणून तुला पहिली बोलावते."

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

एक तरुण सब-इन्स्पेक्टर आणि दोन हवालदार आत आले; इथे भांग वाटतात असं कुणीतरी कळवलं होतं म्हणे. अंगणात इतकी शांतता झाली की मागच्या दोऱ्यांवरचे बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटताना ऐकू येत होते. हवालदारांनी स्वयंपाकघर पाहिलं, औषधांच्या बरण्या उघडून हुंगल्या, ठंडाईचं पातेलं तर तिघांनी वाकून हुंगलं. हिराबाईच्या हातात अजून माईक होता. "साहेब, वाटी आनू का? भांग न्हाय, पन साकर बरी पडली हाय," ती म्हणाली आणि ते सगळ्या तारोडीला ऐकू गेलं. तिघा उलट्या टी-शर्टवाल्यांपैकी कोणी हसलं नाही.

काहीच सापडलं नाही. मला वाटलं, सुटलो. मग सब-इन्स्पेक्टरने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझं अक्षर मला दहा फुटांवरून ओळखू आलं.

"अर्जदार नलिनीबाई कोण?"

मी उभी राहिले.

"मॅडम, इथे लिहिलंय, कै. विजयाबाई यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भक्तिपर कार्यक्रम." त्याने मांडवावरच्या फलकाकडे बोट केलं. फलकावर ठळक लिहिलेलं होतं, "विजया: औषध की अपराध?" "यात भक्ती कुठे आहे? आणि विजयाबाई कोण?"

सुमनताईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं. काल मी "बस" का म्हणाले तेसुद्धा. ती काठीवर भार देऊन उठली.

"विजयाबाई माझी आई," ती म्हणाली. "आणि अर्जात काय लिहायचं ते मीच हिला सांगितलं. हिला यातलं काही माहीत नाही."

साठ माणसांसमोर ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी गप्प उभी होते.

रविवार, दुपार

आम्हा दोघींना जीपमधून ठाण्यात नेलं. तीच मिठागरं, तीच गावं. काल सुंदर दिसलेलं पांढरं ऊन आज डोळ्यांत खुपत होतं. सुमनताई पुढे बघत होती. मी हळू आवाजात म्हटलं, "ताई, मी तुला काल सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता मी सांगते ते ऐक. मी सांगितलं तसं लिहिलं, एवढंच म्हण. तुझं बारसं आहे."

"आणि तुझं काय?"

"माझे गुडघे तसेही गेलेत." हा तिचा विनोद होता. खरं काय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती अजून रोज सकाळी गावातल्या लोकांना औषध देते. पोलिसांना फसवून भांगेची सभा घेतली अशी नोंद झाली तर उद्या तिच्या वैद्यकीच्या नोंदणीवरच प्रश्न आला असता.

ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. सब-इन्स्पेक्टर तुमच्या बाबांच्या वयाचा असेल. त्याने चहा मागवला, टोपी काढून टेबलावर ठेवली. वाईट वागला नाही तो. उलट चांगला वागला, आणि त्यानेच सगळं अवघड झालं.

"आजी, तुमच्याबद्दल मला काही शंका नाही," तो मला म्हणाला. "तुम्हाला बघूनच कळतं. या बाईंनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही लिहिलं. तसं दोन ओळी लिहून द्या आणि घरी जा. तुमचं नाव कुठेच येणार नाही. परदेशात कोणी आहे का तुमचं?"

"मुलगा. नातवंडं."

"मग तर लगेच लिहा."

त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. सुमनताई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होती. तिने मान किंचित हलवली, लिही म्हणून. मी पेन उचललं. मला तुम्ही आठवलात, आणि पाळणा. आणि हेही आठवलं की मी ऑफिसात इतकी वर्षं इतरांची पत्रं तपासत आले, आणि मजकूर कुणी सांगितला आणि कुणी लिहिला यातला फरक मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी लिहिलं, "कार्यक्रमाच्या स्वरूपाबद्दलचा मजकूर मी स्वतःच्या समजुतीने लिहिला. डॉ. सुमन यांनी तो मला सांगितला नाही, त्यांनी तो वाचलाही नव्हता. विजया या शब्दाचा अर्थ मला काल दुपारी कळला. कळल्यावर मी तो मजकूर दुरुस्त करून दिला नाही आणि त्यांच्यापासून लपवला." सही केली, तारीख घातली.

त्याने वाचलं. परत वाचलं. "आजी, शेवटचं वाक्य कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"ते काढा. नाहीतर मला तुमच्या नावाने नोंद करावी लागेल. अदखलपात्र आहे, अटक नाही काही नाही, पण नोंद ती नोंद."

"करा," मी म्हणाले.

सुमनताई एकदम म्हणाली, "मूर्ख आहेस तू, नलू." तिचे डोळे भरले होते आणि तोंडावर राग होता, दोन्ही एकदम. हवालदार टेबलाशी चहा ठेवता ठेवता थबकला.

नोंद झाली. तिची प्रत मला दिली. सुमनताईला ताकीद देऊन सोडलं, पुढल्या वर्षी अर्जात खरं स्वरूप लिहायचं, मग परवानगी मिळते की नाही ते बघू, अशी. आम्ही दोघी ठाण्यासमोरच्या उडप्याकडे इडली खाऊन वेगवेगळ्या दिशांच्या वाहनांत बसलो. निघताना ती म्हणाली, "आईचा फोटो माझ्याकडेच राहिला."

"राहू दे," मी म्हणाले.

मंगळवार

सोमवारी मी आमच्या इमारतीतल्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, फॉर्मवरचा प्रश्न अटक आणि शिक्षेचा आहे, तुम्हाला दोन्ही झालेलं नाही, तेव्हा "नाही" हे उत्तर खरंच आहे, ते तसंच ठेवा. मी तसंच ठेवलं. नोंदीची प्रत मात्र निळ्या फोल्डरमध्ये शेवटी लावली.

काचेपलीकडचा अधिकारी हसतमुख होता. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, इकडे मागे कोण आहे, असे प्रश्न झाले. मी इंग्रजीत उत्तरं दिली. माझं इंग्रजी ऐकून तो खूश झाला, कुठे शिकलात असंही त्याने विचारलं. मग कागद सारखे करता करता, जवळजवळ सवयीनेच, त्याने विचारलं, पोलिसांशी कधी काही प्रसंग?

मी म्हणाले, परवाच. आणि प्रत काचेखालून सरकवली.

ती मराठीत होती, आणि तीत भांग हा शब्द कुठेच नव्हता, फक्त विजया होता. त्याने आतून एका मुलीला बोलावलं. ती इथलीच, केसांत क्लिप, गळ्यात ओळखपत्र. ती भरभर वाचून इंग्रजीत सांगू लागली. एका घरगुती समारंभाच्या अर्जात या बाईंनी चुकीची माहिती लिहिली. समारंभाचं नाव, विजय उत्सव. व्हिक्टरी फेस्टिव्हल. दिवंगत नातेवाइकाच्या आठवणीसाठी. लाउडस्पीकरची परवानगी होती, इतकंच.

अधिकारी हसला. "लाउडस्पीकर," तो म्हणाला आणि बाजूच्या गठ्ठ्यातून एक रंगीत चिठ्ठी काढायला त्याने हात लांब केला. ती चिठ्ठी म्हणजे व्हिसा मंजूर, हे रांगेत सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मागची बाई माझ्या कानाशी "झालं तुमचं" असं पुटपुटली.

त्या मुलीची काही चूक नव्हती. माझीही हीच चूक झाली होती, तिने माझ्याहून कमी वेळात केली. मी गप्प बसले असते तर ती खोटं बोलली असती असंही नाही. एप्रिलअखेर मी तुमच्या घरी असते.

"माफ करा," मी म्हणाले. "विक्टरी नाही. इथे विजया म्हणजे कॅनाबिस. तो कायदा बदलावा म्हणून भरणारी सभा होती ती."

मुलगी लाल झाली. अधिकाऱ्याचा हात परत आला. तो आत जाऊन कुणाशी तरी बोलला, मग येऊन त्याने माझा पासपोर्ट आणि एक पांढरा कागद माझ्यापुढे ठेवला. आणखी कागदपत्रं हवीत, पोलिसांकडून प्रकरण निकाली निघाल्याचं पत्र हवं, मग पुढचा विचार. किती दिवस लागतील ते तो सांगू शकत नव्हता. "तुम्ही सांगितलंत याबद्दल आभार," एवढं तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं असं मला वाटलं. बाहेर येऊन मी फुटपाथवर शहाळं प्यायले. नळीतून पाणी ओढताना लक्षात आलं की सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं.

ठाण्यातून पत्र मिळायला महिने लागतील, असं त्या सब-इन्स्पेक्टरने फोनवर सांगितलं. तेव्हा बारशाला मी नसेन. तुमच्या बाबांना बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात कुर्र मी करणार होते. आता ते काम रेवाचं. रेवा, नीट वाच. बाळाला पाळण्यात ठेवल्यावर पाळणा थांबवायचा. वाकून तोंड त्याच्या उजव्या कानाशी न्यायचं, पण चिकटवायचं नाही, कारण तुझी वेणी त्याच्या तोंडावर पडेल. आधी हलकेच कुर्र म्हणायचं, दोनदा. मग नाव सांगायचं, कुणालाही ऐकू जाणार नाही असं. मग सगळ्या बायका तुझ्या पाठीत धपाटे घालतील. घालू दे, तशी पद्धतच आहे. आणि नावाचा अर्थ बाबांना आधी विचारून ठेव.